हाताने चालते, क्रॉनमध्ये मरते: अशी स्क्रिप्ट कशी पकडायची

माझ्या आतेभावाचं तालुक्याच्या गावी खत-बियाण्यांचं दुकान आहे. तिथं एका जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू लिनक्स टाकून मी त्याला बिलिंग चालू करून दिलं आणि डेटाबेसचा रोज बॅकअप घ्यायला वीसेक ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली. हाताने चालवून बघितली, झकास फाइल आली, क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांडी आपोआप चालवणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) टाकली, वेळेचा एक घोळ निस्तरला (तो पुढे येतोच) आणि विसरून गेलो. १९ दिवसांनी त्याचा फोन, "दादा, गेल्या मंगळवारची दोन बिलं चुकून डिलीट झाली रे, बॅकअपमधून काढून देतोस का?" म्हटलं त्यात काय, पाच मिनिटांचं काम. लॉगिन करून फोल्डर बघितला तर १९ फाइली ओळीने उभ्या, नावांत तारखा अगदी बरोबर, आणि प्रत्येकीची साइज २० बाइट.

हा २० बाइटचा आकडा पाठ करून ठेवा. जीझिपला (फाइल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी नळी) काहीच दिलं नाही तरी तो इमानदारीने फाइल बनवतो, १० बाइटचं हेडर, मधे २ बाइट रिकाम्या डेटाचे आणि शेवटी ८ बाइट चेकसम आणि साइजचे, झाले २०. म्हणजे डेटाबेसची प्रत काढणारा मायएसक्यूएल डंप चाललाच नव्हता, त्याच्या पुढचा जीझिप मात्र चालत होता, आणि पाइपचा निकाल शेवटच्या कमांडवर ठरतो म्हणून स्क्रिप्ट रोज "सगळं ओके" सांगून मोकळी होत होती. बिलं शेवटी कागदी कॉपीवरून परत टाकली, तो विषय सोडा. पण त्यानंतर दोन संध्याकाळी मी त्या स्क्रिप्टच्या मागे घालवल्या त्यात जे जे निघालं ते इथे लिहितोय, कारण हा प्रॉब्लेम ज्याला येतो त्याला साधारण ह्याच क्रमाने येतो. (मराठी कीबोर्डवरून लिहितोय, त्यामुळे कमांडी उच्चारतो तशा दिल्यात, टर्मिनलवर त्या इंग्रजीतच मारायच्या हे सांगायला नको.)

सगळ्यात आधी एकच प्रश्न सोडवा, क्रॉनने स्क्रिप्टला हाक मारली का नाही. लोक इथंच घसरतात, सरळ स्क्रिप्ट उघडून ओळी बदलायला लागतात आणि मग तासाभराने कळतं की ती कधी सुरूच झाली नव्हती. उबुंटूवर /व्हार/लॉग/सिसलॉग मध्ये ग्रेप मारून मोठ्या अक्षरातलं क्रॉन शोधा, रेडहॅटच्या घराण्यातलं काही असेल तर /व्हार/लॉग/क्रॉन बघा, आणि डेबियन १२ सारख्या नव्या मशीनवर सिसलॉगची फाइलच नसेल तर जर्नलसीटीएल -यू क्रॉन मारा. तुमच्या ठरलेल्या वेळेला कंसात युजरचं नाव, पुढे सीएमडी आणि तुमची कमांड अशी ओळ दिसली की क्रॉनने त्याचं काम केलंय, आता दोष स्क्रिप्टचा किंवा तिच्या भोवतालचा. ओळच नसेल तर स्क्रिप्टला हात लावू नका.

ओळ नसण्याची कारणं तशी मोजकीच आहेत. सर्व्हिस बंद असेल, ते सिस्टिमसीटीएल स्टेटस क्रॉनने कळतं. किंवा तुम्ही क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉनची कामांची यादी, एकदा सुडो लावून उघडलीत आणि एकदा न लावता, तर ते दोन वेगवेगळे क्रॉनटॅब आहेत, एक रूटचा म्हणजे अॅडमिनचा आणि एक तुमचा, आणि तुम्ही बघताय एकात आणि ओळ आहे दुसऱ्यात. किंवा फाइल /ईटीसी/क्रॉन.डी मध्ये ठेवलीत पण वेळेच्या पाच रकान्यांनंतर युजरचं नाव लिहायचं विसरलात, तिथं ते लागतं, स्वतःच्या क्रॉनटॅबमध्ये लागत नाही, आणि उलटं केलं तर तो युजरच्या नावालाच कमांड समजून शोधत बसतो. डेबियन-उबुंटूवर अजून एक गंमत आहे, क्रॉन.डेली फोल्डरमध्ये बॅकअप.एसएच अशा नावाने फाइल टाकली तर ती चालत नाही, कारण नावात टिंब असलेल्या फाइलीला तो गुपचूप ओलांडून जातो, तक्रार वगैरे काही नाही. नुसतं बॅकअप नाव द्या. रन-पार्ट्स ला --टेस्ट लावून तो फोल्डर दिला की नक्की कुठल्या फाइली चालणार ते तो छापून दाखवतो.

आणि सगळ्यात साधं कारण, मशीन चालू होतं का? मी सुरुवातीला हौसेने रात्री अडीचची वेळ दिली होती, मोठ्या कंपन्यांत देतात तशी. आठवडाभर एकही फाइल नाही. फोन केला तर म्हणतो, "अरे दादा, दुकान वाढवताना मेन स्विचच पाडतो आम्ही, उंदीर वायर कुरतडतात ना." साधा क्रॉन हुकलेली वेळ नंतर भरून काढत नाही, मशीन बंद तर ती पाळी गेलीच. मग वेळ केली रात्री पावणेनऊ, दुकान नऊला बंद होतं म्हणून. लॅपटॉप किंवा असं रोज बंद होणारं मशीन असेल तर अॅनाक्रॉन बघा, नाहीतर सिस्टिमडीचा टायमर करून त्यात पर्सिस्टंट = ट्रू टाका, मशीन चालू झालं की राहिलेलं काम तो करतो.

आता धरून चालू की क्रॉनने हाक मारली आणि स्क्रिप्ट मेली. मरताना काय बोलली ते ऐकायला कोणी नव्हतं, हा खरा प्रॉब्लेम. क्रॉन आउटपुट मेल करतो, पण घरगुती मशीनवर मेल पाठवणारं काही बसवलेलंच नसतं, मग सिसलॉगमध्ये "नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट" अशी ओळ पडते. ह्या ओळीचा सरळ अर्थ असा की स्क्रिप्ट काहीतरी बोलली होती, बहुतेक एररच, आणि क्रॉनने ते फेकून दिलं. म्हणून पहिलं काम, क्रॉनटॅबमधल्या ओळीच्या शेवटी >> लावून लॉग फाइलचा पूर्ण पत्ता द्यायचा आणि त्याच्यापुढे २>&१. क्रम हाच. २>&१ आधी आणि >> नंतर लिहिलं तर एरर जुन्याच ठिकाणी, म्हणजे त्या नसलेल्या मेलकडेच जातो आणि तुमच्या लॉगमध्ये फक्त गोड गोड ओळी उरतात. मी स्वतः हे दोनदा केलंय. माझी ओळ साधारण अशी होती (सुरुवातीचे पाच रकाने म्हणजे मिनिट, तास, तारीख, महिना, वार, आणि स्टार म्हणजे कुठलाही):

४५ २० * * * /होम/दुकान/बॅकअप.एसएच >> /होम/दुकान/बॅकअप.लॉग २>&१

तेवढ्याने पुरलं नाही तर स्क्रिप्टमध्ये दुसऱ्याच ओळीवर सेट -एक्स टाका, मग प्रत्येक कमांड चालायच्या आधी ती लॉगमध्ये छापली जाते, व्हेरिएबलच्या जागी खरी किंमत भरून. पासवर्ड कमांडच्या ओळीत असेल तर तोही छापला जातो हे लक्षात ठेवा आणि काम झालं की ती ओळ काढा. एक्झिट कोडही (कमांड संपताना देते तो आकडा) बघत जा, १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता येत नाही, बहुतेक वेळा चेमॉड +एक्स राहिलेलं असतं.

माझ्या लॉगमध्ये दुसऱ्या दिवशी निघालं, मायएसक्यूएलडंप: नॉट फाउंड. हाताने चालवली की सापडतो आणि क्रॉनला सापडत नाही, हे कसं? तर मी मायएसक्यूएल टारबॉलमधून /यूएसआर/लोकल/मायएसक्यूएल मध्ये बसवलं होतं आणि तिथलं बिन फोल्डर पाथमध्ये (कमांड ज्या फोल्डरांत शोधायची त्यांची यादी) बॅशआरसी ह्या टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमधून जोडलं होतं. क्रॉन बॅशआरसी वाचत नाही. प्रोफाइलही वाचत नाही. आपण टर्मिनल उघडतो तेव्हा मागे किती सामान मांडून ठेवलेलं असतं ते आपल्याला जाणवतच नाही, घरातल्या माणसाला चहा-साखरेचे डबे कुठं आहेत ते न बघता कळतं तसं, आणि क्रॉन म्हणजे पहिल्यांदाच त्या स्वयंपाकघरात आलेला पाहुणा. त्याला फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन एवढेच दोन पाथ माहीत होते माझ्या मशीनवर.

तुमच्या मशीनवर त्याला काय माहीत आहे त्याचा अंदाज करू नका, त्यालाच विचारा. क्रॉनटॅबमध्ये पाच स्टार देऊन एक ओळ टाका, * * * * * एन्व्ह > /टीएमपी/क्रॉनएन्व्ह, दीड मिनिट थांबा, मग टर्मिनलवर नुसतं एन्व्ह मारून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा. तुमच्याकडे चाळीसेक ओळी आणि त्याच्याकडे पाच-सहा, होम, लॉगनेम, पाथ, शेल असल्या. जो फरक दिसेल त्यातच तुमचं उत्तर आहे बहुतेक. आणि दर वेळी पावणेनऊची वाट बघत बसायचं नसेल तर क्रॉनचं दरिद्री वातावरण टर्मिनलवरच तयार करा, एन्व्ह -आय, पुढे होम=तुमचं होम, पाथ=/यूएसआर/बिन:/बिन, आणि शेवटी /बिन/एसएच -सी आणि अवतरणात स्क्रिप्टचा पत्ता, त्याच्या मागे < /डेव्ह/नल म्हणजे कीबोर्डही तोडला. आता ती तुमच्या डोळ्यांसमोर मरेल, तेवढं पुरतं. ही एक ट्रिक आधी माहीत असती तर माझ्या दोन संध्याकाळींची एक झाली असती.

उपाय सोपा. स्क्रिप्टच्या वरच पाथ पूर्ण लिहून टाका किंवा कमांडचाच पूर्ण पत्ता द्या, व्हिच मारलं की तो मिळतो. क्रॉनटॅबमध्येही वरती पाथ= अशी ओळ चालते, पण तिथं पाथ=$पाथ:/आणखी/काही असलं लिहू नका, क्रॉन तिथं डॉलरचा विस्तार करत नाही, ती अक्षरं जशीच्या तशी घेतो आणि मग आधी सापडत होत्या त्या कमांडीही सापडेनाशा होतात. काहीजण स्क्रिप्टमध्ये बॅशआरसीच सोर्स करतात, ते उबुंटूवर बऱ्याचदा फसतं कारण त्या फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत फिर.

आणि तो २० बाइटचा प्रकार परत होऊ नये म्हणून बॅशच्या स्क्रिप्टमध्ये सेट -ई आणि सेट -ओ पाइपफेल, ह्या दोन गोष्टी. पाइपफेलने पाइपमधली कुठलीही कमांड पडली की पूर्ण पाइप पडला असं धरतात. माझ्या मते बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये हे नसेल तर ती स्क्रिप्ट नाहीच, नुसतं समाधान आहे.

बॅशची स्क्रिप्ट म्हणालो ते मुद्दाम. क्रॉन त्याच्या ओळी /बिन/एसएच ने चालवतो आणि उबुंटूवर २००६ च्या ६.१० पासून एसएच म्हणजे बॅश नाही, डॅश, हा त्याच्यापेक्षा साधा शेल (कमांडी चालवणारा प्रोग्रॅम). डॅशला दुहेरी चौकटी कंस कळत नाहीत, सोर्स कळत नाही, अॅरे कळत नाहीत. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत #!/बिन/बॅश असेल आणि क्रॉनटॅबमध्ये थेट स्क्रिप्टचा पत्ता असेल तर ठीक, पण बरेच जण तिथं एसएच बॅकअप.एसएच असं लिहितात, मग वरच्या #! ला कोणी विचारत नाही, डॅशच चालवतो. "[[: नॉट फाउंड" असला एरर दिसला की हेच.

पाथ झाला, मग मला वाटलं ह्या लॉगच्या नावातही तारीख टाकू. क्रॉनटॅबच्या ओळीतच डेट +%एफ लिहिलं आणि परत शांतता. सिसलॉगमध्ये बघितलं तर कमांड अर्ध्यातच तुटलेली. झालं असं की क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे, पहिल्या % ला कमांड संपते आणि पुढचं सगळं त्या कमांडला इनपुट म्हणून जातं. प्रत्येक % च्या आधी बॅकस्लॅश लावा, \% असं, किंवा सरळ तारीख स्क्रिप्टच्या आत बनवा, आतमध्ये % ला काही होत नाही. मी आता क्रॉनटॅबमध्ये स्क्रिप्टचा पत्ता आणि लॉग सोडून काहीच लिहित नाही, हुशारी करायची ती आत.

फोल्डरचं पण तसंच. क्रॉन तुमच्या होममध्ये उभा राहून स्क्रिप्ट चालवतो, तुम्ही ती जिथं ठेवलीय तिथं नाही. तुम्ही टेस्ट करताना आधी सीडी करून त्या फोल्डरमध्ये गेलेला असता, म्हणून ./कॉन्फिग सापडतं. पूर्ण पत्ते लिहा नाहीतर स्क्रिप्टच्या सुरुवातीला सीडी करा, आणि सीडी फसला तर पुढं जाऊ देऊ नका, विशेषतः पुढे कुठं जुन्या फाइली उडवणारी आरएम असेल तर.

पुढचा दगड होता एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन. बॅकअप आरसिंक ह्या फाइली पाठवणाऱ्या कमांडने एका भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर पाठवायचा होता, हाताने जातो, क्रॉनमधून "परमिशन डिनाइड, पब्लिक की". माझ्या कीला (पासवर्डऐवजी वापरायची किल्लीची फाइल) पासफ्रेज होता आणि टर्मिनलवर तो एजंट, म्हणजे की उघडून हाताशी ठेवणारा प्रोग्रॅम, परस्पर भरत होता, क्रॉनला एजंटचा पत्ताच माहीत नाही. ह्या कामासाठी पासफ्रेज नसलेली वेगळी की बनवली, समोरच्या सर्व्हरवर ऑथराइज्ड कीज मध्ये तिला फक्त ह्या एकाच कामापुरती परवानगी ठेवली, आणि आरसिंकला -ई देऊन एसएसएच -आय पुढे कीचा पूर्ण पत्ता दिला. शिवाय -ओ बॅचमोड=येस लावा, म्हणजे काही विचारायची वेळ आली तर वाट न बघता लगेच एरर देऊन बाहेर पडतो. स्क्रिप्ट रूटच्या क्रॉनटॅबमधून चालणार असेल तर रूटने त्या सर्व्हरला कधी "येस" म्हटलेलंच नसतं, होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड येतं, एकदा रूट होऊन हाताने लॉगिन करा. मायएसक्यूएलचा पासवर्ड ज्या डॉट माय डॉट सीएनएफ फाइलीत असतो तीही ज्याच्या त्याच्या होममध्ये शोधली जाते, रूटचं होम वेगळं.

मराठीत डेटा असणाऱ्यांनी हे जरूर वाचा. ग्राहकांची नावं देवनागरीत आहेत आणि रात्री एक पायथन स्क्रिप्ट उधारीची यादी छापते, ती टर्मिनलवर छान आणि क्रॉनमध्ये पहिल्याच नावाला यूनिकोड एन्कोड एरर. क्रॉनमध्ये लँग (भाषेची सेटिंग) सेट नसेल तर लोकेल सी असतं आणि पायथन ३.६ पर्यंत तो त्यात फक्त आस्की, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं, छापू बघतो. ३.७ पासून तो स्वतःच यूटीएफ-८ कडे वळतो, पण जुनी मशीनं दुकानात वर्षानुवर्षं चालतात. स्क्रिप्टमध्ये एक्स्पोर्ट लँग=सी.यूटीएफ-८ टाकलं की झालं, किंवा पायथनआयओएन्कोडिंग=यूटीएफ-८.

वेळेचा घोळ क्लाउडवाल्या बाजूला निघाला. तिथं जुने बॅकअप साफ करणारी क्रॉनची ओळ होती, रात्री दोनची, आणि ती चालायची सकाळी साडेसातला. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ), आपण साडेपाच तास पुढे. आपल्याला रात्रीचे दोन हवे असतील तर तिथं ३० २० लिहावं लागतं, आणि ते आदल्या तारखेचं असतं, त्यामुळे महिन्याच्या १ तारखेचं काम असेल तर नीट विचार करा. टाइमझोन बदलणार असाल तर त्यानंतर क्रॉन रीस्टार्ट करा, नाहीतर तो जुन्याच घड्याळावर राहतो. जाता जाता, तारखेचा आणि वाराचा रकाना दोन्ही भरले तर क्रॉन "दोन्ही जुळले तर" असं नाही धरत, "कुठलाही एक जुळला तरी" धरतो, ० ९ १३ * ५ म्हणजे दर १३ तारखेला आणि शिवाय दर शुक्रवारी.

उरलेलं भराभर. विंडोजच्या नोटपॅडमध्ये स्क्रिप्ट लिहून कॉपी केली असेल तर ओळीच्या शेवटी अदृश्य कॅरेज रिटर्न येतो आणि "बॅड इंटरप्रिटर" म्हणून ओरडतो, डॉसटूयुनिक्स मारा. क्रॉनटॅबच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर मारा, नाहीतर ती ओळ धरली जात नाही. स्क्रिप्ट कधी लांबली आणि पुढची पाळी आली तर दोन एकत्र चालून एकमेकींच्या फाइली तुडवतात, त्यासाठी ओळीच्या सुरुवातीला फ्लॉक -एन आणि एक लॉक फाइल द्या. आणि क्रॉनटॅब -ई मारताना बोट नीट ठेवा, कीबोर्डवर ईच्या शेजारीच आर आहे आणि क्रॉनटॅब -आर काही न विचारता सगळं पुसतो. क्रॉनटॅब -एल > एखाद्या फाइलमध्ये, हे आत्ता करून टाका, मी थांबतो.

दुकानाचा बॅकअप आता जातो. शेवटी एक तपासणी घातलीय, फाइल १ एमबीपेक्षा लहान निघाली तर स्क्रिप्ट ती क्लाउडवर पाठवतच नाही आणि डेस्कटॉपवर मोठ्या अक्षरात "दादाला फोन कर" नावाची फाइल बनवते. महिन्यातून एकदा ताजी फाइल घरच्या मशीनवर उघडून एखादं बिल शोधून बघतो.

एन्व्हवाली ती पाच स्टारची ओळ मात्र काम झालं की काढा. माझी राहिली होती, मशीन चालू असेतोवर दर मिनिटाला चालत होती, तीन महिने, आणि सिसलॉगमध्ये काहीही शोधायला गेलं की आधी तीच दिसायची. हे कोण सारखं चालवतंय म्हणून मी एक अख्खी संध्याकाळ त्याचा शोध घेत होतो.